परक्याचा सल्ला आणि घरचा जबाब

मराठी ग्रंथव्यवहारात गेल्या काही वर्षांत एका निराळ्या जातीच्या पुस्तकांची मोठी भर पडली आहे. धंदा कसा वाढवावा, हाताखालच्या माणसांकडून काम कसे करवून घ्यावे, योजिलेले फळ योजिलेल्या दिवशी पदरात कसे पाडून घ्यावे, हा त्यांचा विषय. पुस्तकविक्रेत्यांच्या फळ्यांवर कथा-कादंबऱ्यांच्या शेजारी, कित्येकदा त्यांना मागे सारून, ती मांडलेली आढळतात. आणि चिरंजीव पदवीधर होऊन वडिलांच्या धंद्यात शिरले अथवा एखाद्या कंपनीत रुजू झाले, की घरातील वडीलधारी मंडळी मोठ्या कौतुकाने त्यांच्या हाती असे एखादे पुस्तक ठेवितात. ज्या वाङ्मयास घरोघर असा मान मिळतो, त्याची वाङ्मय म्हणून परीक्षा केल्याचे मात्र क्वचितच दिसते. ते उपयुक्त वाङ्मय, त्याला रसिकतेची कसोटी कशाला, असा एक समज रूढ आहे. आम्हांस हा समज मान्य नाही. जे पुस्तक माणसाने माणसाशी कसे वागावे हे सांगू पाहते, त्यातील माणसे खरी आहेत की कचकड्याची आहेत, हे पाहणे टीकाकाराचे कामच आहे.

एकेका पुस्तकाचा समाचार घेत बसण्याचा आमचा मानस नाही. यांतील बहुतेकांत जे एक पात्र पुनःपुन्हा भेटते, त्याचाच विचार येथे करावयाचा आहे. ते पात्र म्हणजे बाहेरून बोलाविलेला सल्लागार. कथानक ठरलेले असते. एक कारखाना डबघाईस आलेला असतो. मालक सज्जन पण गोंधळलेला, अधिकारी एकमेकांकडे बोट दाखविणारे, माल वेळेवर न जाणारा, गिऱ्हाईक रुसलेले. अशा वेळी सल्लागार येतो. पहिल्या दिवशी तो काही बोलत नाही, दुसऱ्या दिवशी प्रश्न विचारतो, तिसऱ्या दिवशी फळ्यावर एक चौकोन काढतो, आणि सहा महिन्यांत कारखाना नफ्यात येतो. मालक सद्गदित होऊन त्याचा हात हाती घेतो आणि पुस्तक संपते.

ही कथा म्हणून पाहिली तर फार कच्ची आहे. पहिली गोष्ट अशी की, ज्याच्या अंतःकरणात पालट व्हावयाचा तो मालक. परंतु नायकपद दिले आहे सल्लागारास, ज्याला पहिल्या पानापासून सर्व ठाऊकच असते. ज्याला काही शिकावयाचे उरलेले नाही असा नायक पुराणात शोभेल, कादंबरीत शोभत नाही. दुसरी गोष्ट, कथेचा शेवट फार लवकर होतो. सल्लागार गाडीत बसून निघून गेला, त्यानंतर दुसऱ्या व तिसऱ्या वर्षी त्या कारखान्यात काय घडले, हे वाचकास कधीच कळत नाही. आणि खरी परीक्षा तर तेथेच सुरू होते. तिसरी गोष्ट, जो मजूर वा कारकून त्या चौकोनाप्रमाणे राबला, त्याला या पुस्तकांत तोंडच नसते.

या कथेचे मूळ शोधीत गेले तर आपण अमेरिकेतील फ्रेडरिक टेलर याच्यापाशी जाऊन पोहोचतो. १८९८ साली पेनसिल्व्हेनियातील बेथलेहेम येथील पोलादाच्या कारखान्याने त्यास बोलाविले होते. आपल्या १९११ सालच्या ग्रंथात त्याने श्मिट नावाच्या एका मजुराची हकीकत सांगितली आहे. हा मजूर पूर्वी दिवसास साडेबारा टन लोखंड वाहत असे. टेलरच्या पद्धतीने तो साडेसत्तेचाळीस टन वाहू लागला, असे ती हकीकत सांगते. साऱ्या जगाने ती खरी मानली. पुढे १९७४ साली दोन अमेरिकी संशोधकांनी जुने कागद ताडून पाहिले, तेव्हा तिच्यात पदरची भर पुष्कळ असल्याचे उघड झाले. खुद्द टेलरला १९०१ सालीच त्या कारखान्याने निरोप दिला होता. म्हणजे या वाङ्मयाच्या आदिग्रंथातच सल्लागाराच्या यशाची गोष्ट सल्लागारानेच सांगितलेली आहे, आणि पाठवणीचा प्रसंग तिच्यातून गाळलेला आहे. आजची पुस्तके तोच वारसा इमानाने चालवीत आहेत.

इतके म्हटल्यावर वाचकांस वाटेल की, आम्ही सल्लागाराचा धंदाच निरर्थक ठरवू पाहत आहो. तसे नाही. बाहेरच्या माणसाचा उपयोग होतो, आणि कधी कधी त्याच्यावाचून अडते, हे आम्ही प्रत्यक्ष पाहिले आहे. आमच्या परिचयाचे एक कारखानदार आहेत. त्यांचा नळ्या करण्याचा लहानसा कारखाना. पावसाळ्यापूर्वी शेतकऱ्यांची मागणी येई आणि माल मात्र मृगाचा पाऊस पडून गेल्यावर निघे. दरवर्षी रागावणे होई, दरवर्षी कोणी तरी नोकरी सोडून जाई. अखेर त्यांनी पुण्याहून एका गृहस्थांस बोलाविले. बोलाविताना मनात हेतू एवढाच, की कोण कामचुकार आहे हे त्यांनी परस्पर सांगावे व आपल्यावरील वाईटपणा टळावा. गृहस्थांनी चार दिवस एकच प्रश्न विचारला: हा कागद येथून पुढे कोणाकडे जातो? गोदामवाल्याने हिशेबनिसाचे नाव सांगितले, हिशेबनिसाने खरेदीवाल्याचे, खरेदीवाल्याने आणखी कोणाचे. पाचव्या दिवशी त्यांनी सगळ्या अडलेल्या कागदांची यादी मालकांपुढे ठेविली. अडलेला जवळजवळ प्रत्येक कागद मालकांच्याच मेजावर येऊन थांबला होता.

मालक बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी यादीची घडी करून खिशात घातली. त्यानंतर सहीचे अधिकार कोणास द्यावयाचे, प्रत्येक कामापुढे कोणाचे एकच नाव लिहावयाचे, ते कोणत्या तारखेस पुरे व्हावयाचे आणि पुरे झाले हे कशावरून ओळखावयाचे, असा एक तक्ता झाला. व दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी तो सर्वांसमक्ष वाचावयाचा असे ठरले. तक्त्यात पहिले नाव मालकांचे होते. यात काही अद्भुत विद्या नाही हे वाचकांच्या ध्यानात येईलच. घरातील कोणाही शहाण्या माणसास हे सुचले असते, नव्हे सुचलेही होते. परंतु सुचणे निराळे आणि ज्याच्या हातून पगार घ्यावयाचा त्याच्या तोंडावर ते बोलणे निराळे. बाहेरच्या माणसाला उद्या येथे राहावयाचे नसते, म्हणून तो बोलू शकतो. अनेक घरे हिंडलेला असतो, म्हणून त्याला तुलना करता येते. आणि सवयीने आंधळा झालेला नसतो, म्हणून जे रोज समोर आहे तेच त्याला दिसते. सल्लागाराचे मोल इतकेच आहे, आणि ते थोडे नाही.

मात्र या प्रसंगातील खरे कर्तृत्व कोणाचे, असा प्रश्न केला तर आम्ही त्या घडी केलेल्या कागदाकडे बोट दाखवू. तो कागद फाडून टाकणे मालकांच्या हाती होते. जबाबदारी हा शब्दच मोठा बोलका आहे. ज्याने जबाब द्यावयाचा तो जबाबदार. जबाब कोणास द्यावयाचा, हे त्या शब्दात गृहीत आहे. आमच्या या पुस्तकांत जबाब नेहमी खालून वर जातो: कामगाराने मुकादमास, मुकादमाने व्यवस्थापकास, व्यवस्थापकाने मालकास. मालकाने कोणास, या पायरीशी येऊन पुस्तके मूक होतात. त्यांच्या साऱ्या उपदेशातील मर्मस्थान आहे ते हेच.

सल्ला उत्तम असूनही तो ऐकणारा जबाब देण्यास तयार नसला म्हणजे काय होते, हे आपल्याकडे फार पूर्वीच सांगून ठेविले आहे. उद्योगपर्वात धृतराष्ट्राला झोप येत नाही, म्हणून तो विदुरास बोलावून घेतो आणि रात्रभर त्याचा उपदेश ऐकतो. राजा मध्येच विदुरास अडवीत नाही, त्याचे म्हणणे खोडून काढीत नाही. उलट सर्व पटल्याचे कबूल करितो. मात्र दुर्योधन समोर आला की आपली बुद्धी फिरते, असेही तोच सांगतो. व्यासांनी येथे राजाला मूर्ख रंगविलेले नाही. त्याला सर्व कळते, आणि म्हणूनच त्याचा दोष अधिक. कोणत्याही नव्या व्यवस्थापनग्रंथात नेत्याचे इतके खरे चित्र आमच्या वाचनात आलेले नाही.

याचा आधुनिक दाखला महाराष्ट्राने आपल्या डोळ्यांनी पाहिला आहे. दाभोळचा वीजप्रकल्प हाती घेतला गेला तेव्हा १९९३ साली जागतिक बँकेने त्यास पैसा देण्याचे नाकारले. तो आर्थिक दृष्ट्या परवडणारा नाही, असे तिचे मत पडले होते. हाही बाहेरचाच सल्ला होता, आणि फुकट मिळालेला होता. तरी त्याच वर्षी डिसेंबरात वीजखरेदीचा करार झाला. २००१ साली प्रकल्प बंद पडला व त्याच वर्षी त्याची मूळ कंपनी एन्रॉन अमेरिकेत दिवाळखोरीत निघाली. त्या कंपनीचे हिशेब तपासणारी आर्थर अँडरसन ही पेढी तिचीच सल्लागारही होती. २००० साली हिशेबतपासणीबद्दल सुमारे अडीच कोटी डॉलर आणि इतर कामांबद्दल त्याहूनही थोडे अधिक मोल तिला मिळाले होते. ज्याने दोष काढावयाचा त्याचेच पोट दोष झाकण्यावर अवलंबून राहिले. आपल्या २०१३ च्या कंपनी कायद्यात हिशेबतपासनिसाने त्याच कंपनीस व्यवस्थापनाचा सल्ला विकू नये आणि ठराविक मुदतीनंतर मोठ्या कंपन्यांनी तपासनीस बदलावा, अशी जी बंधने आहेत, ती अशाच अनुभवांतून आली आहेत. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात किल्ल्यावरचे हवालदार, सबनीस, कारखानीस ठराविक वर्षांनी बदलीत जावे असा दंडक सांगितला आहे, त्याची येथे आठवण होते. फार दिवस एका जागी राहिलेला माणूस त्या जागेचा रखवालदार न राहता भागीदार होऊ लागतो, हे अमात्यांस पुरते ठाऊक होते.

आता सल्ला देणारा आणि घेणारा हे दोघेही आपापल्या जागी खरे असले तर काय घडते, ते पाहू. त्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. आम्ही हे ज्या फैजपुरात बसून लिहीत आहो, तेथेच तो दाखला आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी, केळी-कपाशीच्या शिवारातील हे गाव. २७ व २८ डिसेंबर १९३६ या दिवशी राष्ट्रीय सभेचे अधिवेशन येथे भरले. खेड्यात भरलेले हे पहिलेच अधिवेशन. अध्यक्ष पंडित जवाहरलाल नेहरू, स्वागताध्यक्ष शंकरराव देव. आणि धनाजी नाना चौधरी, साने गुरुजी यांच्यासारखी खानदेशची माणसे रात्रीचा दिवस करीत होती. जे काम मुंबई-कलकत्त्याच्या नगरांनी करावयाचे, ते एका खेड्याने अंगावर घेतले होते. निवारा, पाणी, अन्न, स्वच्छता, यांतील एक जरी गोष्ट फसली असती, तरी खेड्याला हे झेपत नाही असा निकाल कायमचा लागला असता.

या कामी गांधीजींनी बाहेरचा जाणता बोलाविला तो शांतिनिकेतनचे चित्रकार नंदलाल बसू. आपण चित्रे काढणारे, घरे बांधणारे नव्हे, अशी बसूंनी अडचण सांगितली. ती गांधीजींनी मनावर घेतली नाही. त्यांच्यापाशी अट एकच होती. जे उभारावयाचे ते खेड्यातील जिनसांनी व खेड्यातील हातांनी. बसूंनी ती अट अक्षरशः पाळली. बांबू, गवत, चटया, या मुलखात जे मिळते त्यातून मंडप उभे राहिले. गावचे कारागीर कामास लागले. अध्यक्षांची मिरवणूक सहा बैलजोड्यांच्या रथातून निघाली. स्थापत्याची बाजू म्हात्रे नावाच्या गृहस्थांनी सांभाळिली. पुढे प्रदर्शनाच्या जागी बोलताना गांधीजींनी या उभारणीचे श्रेय उघडपणे या दोघांस दिले.

या प्रसंगाचे नुसते कौतुक करून थांबू नये. त्याची घडण पाहावी. बोलाविणाऱ्यास काय हवे ते नेमके ठाऊक होते; नाही तर बसूंनी शांतिनिकेतनचीच एक प्रतिकृती येथे आणून ठेविली असती आणि लोकांनी तिची वाहवा केली असती. सल्लागाराने आपले ज्ञान दाखविण्यापेक्षा गावाचे ज्ञान कामी लाविले. ज्या बुरुडाने आजवर टोपल्याच विणल्या, त्याला आपल्या हातात सभामंडप आहे हे प्रथमच कळले असेल. आणि सर्वांत महत्त्वाचे असे की, जबाबदारीची जागा बदलली नाही. मंडपाची शोभा बसूंची; परंतु आलेल्या माणसास पाणी मिळाले की नाही, याचा जबाब स्वागतसमितीने आणि स्वयंसेवकांनीच द्यावयाचा होता. अधिवेशन पार पडले, बांबू उतरले, बसू बंगालात परत गेले. गावापाशी राहिली ती आपण हे करू शकतो ही जाणीव.

दुसरा दाखला याच्याही पुढचा आहे. नगर जिल्ह्यातील लोणीच्या परिसरात विठ्ठलराव विखे पाटील यांनी शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना काढण्याचा ध्यास घेतला, तेव्हा त्यांनी पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे धनंजयराव गाडगीळ यांस साकडे घातले. एकीकडे फारसे शालेय शिक्षण न झालेला शेतकरी, दुसरीकडे विख्यात अर्थशास्त्रज्ञ. गाडगिळांना अहवाल लिहून देऊन मोकळे होता आले असते. त्यांनी तसे केले नाही. प्रवरा कारखान्याचे अध्यक्षपद त्यांनी स्वतः पत्करिले, १९५०-५१ साली पहिला गळीत हंगाम झाला, आणि सुमारे दहा वर्षे ते त्या जागी राहिले. पुढे ते पद विठ्ठलरावांकडे आले. आमच्या मते गाडगिळांच्या कामगिरीतील सर्वांत मोठे पान हे सोडून जाण्याचे आहे. सल्ला देणारा स्वतः खुर्चीत बसला की जबाब त्यालाही द्यावा लागतो. आणि तो वेळीच उठला की खुर्ची ज्यांची त्यांची होते. येऊन उपदेश करणे सोपे, राहून निस्तरणे कठीण, आणि निस्तरून झाल्यावर उठून जाणे सर्वांत कठीण.

येथे कोणी आक्षेप घेईल की, बसू आणि गाडगीळ ही ध्येयवादाच्या काळातील माणसे. आजच्या सल्लागाराला दिवसाच्या हिशेबाने मोल द्यावे लागते, त्याच्याकडून ही अपेक्षा कशी करावी? आक्षेपात तथ्य आहे. मोल घेणे हा काही दोष नव्हे. वैद्यही मोल घेतो. परंतु वैद्याची कीर्ती रोगी बरा होऊन त्याच्या दारी येण्याचे थांबतो यात असते. ज्या सल्लागाराचे काम दरवर्षी वाढत जाते, त्याच्या यजमानाची प्रकृती सुधारत आहे की त्यास नवे व्यसन जडले आहे, हे तपासून पाहिले पाहिजे. त्याचप्रमाणे ज्या मालकाला चारशे माणसे कमी करावयाची असतात व तसे म्हणण्याचे धैर्य होत नाही, तो हे वाक्य परक्याच्या अहवालातून वदवून घेतो. असा अहवाल ही मालकाने जबाबापुढे धरलेली ढाल होय. त्याला सल्ला म्हणता येत नाही. आमच्या पुस्तकांतून या प्रकाराचे एकही प्रकरण नाही, हे काही विसरभोळेपणाचे लक्षण नव्हे.

हे सर्व आम्ही इतक्या आग्रहाने का लिहीत आहो, याचे कारण पुन्हा या गावातच आहे. प्रवरेच्या वाटेने महाराष्ट्रात जे सहकारी साखर कारखाने निघाले, त्यांत फैजपूरचा मधुकर कारखानाही होता. ऊस पिकविणाऱ्या कुटुंबांनी भाग घेऊन तो उभा केला. अलीकडच्या वर्षांत कर्जाच्या ओझ्याखाली त्याची चाके थांबली आणि अखेर तो सभासदांच्या हातून गेला. त्याच्या अपयशाची चौकशी करणे हा या लेखाचा विषय नाही, आणि कोणा एकाच्या माथी दोष मारण्याचा आमचा अधिकारही नाही. परंतु एक गोष्ट विसरता येत नाही. सहकारी संस्थांस हिशेबतपासणीची सक्ती कायद्यानेच आहे. त्यांना सल्ला देणाऱ्या संस्था आहेत, तज्ज्ञ आहेत. मालक म्हणविणारे सभासद तर हजारोंनी असतात. इतके विदुर भोवती असूनही महाराष्ट्रातील कितीतरी कारखाने बुडाले. वार्षिक सभेत एखाद्या सभासदाने उठून प्रश्न विचारला, तर त्यास खाली बसविणारे हात अधिक की उत्तर देणारे अधिक, यावर संस्थेचे आयुष्य ठरते. बाहेरचा सल्लागार त्या एका सभासदाची जागा घेऊ शकत नाही; फार तर त्याच्या प्रश्नास आकड्यांचे बळ देऊ शकतो.

असो. या वाङ्मयाविषयी आमचा अभिप्राय आता थोडक्यात सांगतो. ते टाकाऊ नाही. कामाला नाव, नावाला तारीख आणि तारखेला मोजमाप जोडावे, हा त्याचा धडा आमच्या सैल समाजास अवश्य हवा आहे. उद्या करू म्हणणाऱ्या घरास तर तो विशेषच हवा. परंतु जोवर या पुस्तकांत मालक हा सल्लागाराच्या हातचा आजारी मनुष्य एवढाच राहील आणि ज्याच्या श्रमावर सारा डोलारा उभा आहे तो मुका राहील, तोवर ती पुस्तके जाहिरातीच्या पलीकडे जाणार नाहीत. मराठीत कोणी तरी सल्लागार निघून गेल्यानंतरच्या तिसऱ्या वर्षाची गोष्ट लिहावी. तीत तक्ता भिंतीवरून उतरलेला असेल, की अजून पहिल्या सोमवारी वाचला जात असेल? त्यात पहिले नाव अजून मालकाचेच असेल काय? असे पुस्तक निघाले, तर धंद्यात शिरणाऱ्या मुलाच्या हाती ते आम्ही अवश्य देऊ. तोपर्यंत त्यास एवढेच सांगू, की बाहेरचा माणूस बोलाविण्यास लाजू नकोस. मात्र बोलाविण्यापूर्वी आपल्या मेजावर किती कागद अडले आहेत, ते एकदा स्वतः मोजून पाहा.